अक्काचे तीनशे साठ अंश

अक्का गेली त्याला आता सहा आठवडे होतील. शेजारच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी तुर्भ्याला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. ‘तुमच्या अक्का दार उघडत नाहीत ओ...’ एवढंच त्या बोलल्या. कोपरखैरणे येईपर्यंत रिक्षात मला रडू आलं नाही, नुसती भीती वाटत राहिली. तिच्या खोलीत शिरताना शेवटचं वर्षभर वाटायची, तीच.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. एका कारखान्यात ट्रेसर होती; यंत्रांच्या भागांचे नकाशे शाईनं कागदावर उतरवायचं काम. रिटायर झाल्यावर तिला रद्दीच्या दुकानात एक जुनं पुस्तक सापडलं. राशिचक्राचे तीनशे साठ अंश आणि प्रत्येक अंशाचं एक चित्र, एका वाक्यात सांगितलेलं. ‘छपरावर झोपलेला पहारेकरी.’ ‘विहिरीत डोकावणारी सात माणसं.’ ती एकेक वाक्य जलरंगात काढू लागली. आम्ही बौद्ध, आमच्या घरात पत्रिका कधी कुणी मांडली नाही. ‘अक्का, बाबा असते तर काय म्हणाले असते?’ मी चिडून विचारलं. ती हसली. ‘अरे बाळू, भविष्य कोण बघतंय? मी जन्मभर अंश म्हणजे कोन मोजत आले. त्यात कुणी पहारेकरी झोपवला असेल, हे ठाऊकच नव्हतं मला.’

मग एका रविवारी गेलो, तर दोरीला चिमट्यानं अडकवलेलं एक ओलं चित्र दिसलं. भरतीच्या पाण्यावर तरंगणारा रिकामा पाळणा. आपली वाशीची खाडी, मागे पूल. खाली पेन्सिलनं लिहिलेलं... प्राची. माझ्या मुलीच्या जन्मतारखेला सूर्य होता तो अंश. प्राचीला तेव्हा आठवा महिना होता आणि बीपी वाढलेलं. ‘फाड ते,’ मी ओरडलो. ‘फाडून काय होणार? वाक्य तर पुस्तकात राहीलच ना,’ ती शांतपणे म्हणाली. मी चप्पल घालून निघालो. त्यानंतर तिचा फोनही घेतला नाही. न मानणारा माणूस मी, पण डोळे मिटले की तो पाळणा दिसायचा.

पंधरा दिवसांनी प्राचीला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. सिझरची सही करताना मला माझंच नाव आठवेना. बाहेर बाकावर बसलो होतो, तर अक्का शेजारी येऊन बसली. ‘पाणी पिलास का?’ तिनं माझा हात धरला. ‘मलापण लई भीती वाटते रे,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर काढते. कागदावर आली की तिला कडा येतात... मग ती पूर्ण घरभर राहत नाही.’ काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘तुझा अंश कुठला?’ ‘मला कुठली तारीख? एक जून मास्तरांनी लावलेली. आईला विचारलं, तर कधी म्हणायची ज्वारी काढणीला आली होती, कधी म्हणायची पेरणी चालू होती. म्हणजे यातला कुठलाही माझा असू शकतो. म्हणून सगळेच काढते.’

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. अक्का भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिची माफी मागायला हवी होती... मागितली नाही. पुढं वर्षभर दोघंही त्याबद्दल बोललो नाही. मग एका दुपारी तिचं हृदय थांबलं.

आता मी दर रविवारी तिची खोली उघडतो. टेबलावर एकोणचाळीस कोरे कागद आहेत. प्रत्येकाच्या मागे तिच्या बारीक अक्षरात एकेक वाक्य, काढायचं राहिलेलं. मी एकेक कागद उलटून वाचतो आणि त्यात तिला शोधतो. दर वेळी दोन-तीनच वाचून होतात. मग कागद पुन्हा पालथे ठेवून कुलूप लावतो. यातलं एखादं तिचं निघालं तर काय करायचं, मला चित्र काढता येत नाही.