दोन भोवरे

गजभियेकाकांच्या डोक्यात दोन भोवरे होते. नवा विद्यार्थी आला की मान खाली घालून ते आधी भोवरे दाखवायचे. "गावातले म्हणत, याची दोन लग्नं होणार. झाली ना! एक भंडाऱ्याला, दुसरं हिच्याशी." 'ही' म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतली काचेची लांबलचक पन्हळ. तिची देखभाल काकांकडे होती.

मी तिथे पीएचडी करत होते. पन्हळीत मधोमध एक गोल दांडी उभी करायची, पाणी सोडायचं आणि शाईची बारीक धार लावायची. दांडीमागे एक भोवरा डावीकडून सुटे, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. तासन्‌तास बघत बसावं असं ते दृश्य होतं. पाण्याचा वेग वाढला की भोवरेही भराभर सुटायला हवेत. मी चार वेळा वेग वाढवला, सेकंदाला सुटणाऱ्या भोवऱ्यांचा आकडा मात्र ढिम्म हलेना. "जमत नसेल तर विषय सोडा," असं आमचे सर आधीच शांतपणे म्हणाले होते आणि उद्या त्यांना वही दाखवायची होती. मी खोडरबर काढलं.

"काहून खोडून राहिल्या, मॅडम?" तीस वर्षं पुण्यात काढूनही काकांचं 'काहून' सुटलं नव्हतं.

"सगळं चुकलंय, काका."

"चुकलं तर बाजूला लिहा. झालेलं खोडू नये."

त्यांनी दांडीच्या टोकावर दोन बोटं टेकवून डोळे मिटले. मग मला बोटं ठेवायला लावली. दांडी थरथरत होती आणि भोवरे तिच्याच तालावर सुटत होते. "दांडीचा स्क्रू आवळायचा मीच विसरलो," काका म्हणाले. "हे पण लिहा." त्या चार आकड्यांवरच पुढे माझा प्रबंध उभा राहिला.

मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. गेल्या वर्षी पन्हळ मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा निवृत्त झालेल्या काकांना वारज्याच्या घरून मुद्दाम घेऊन आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते गेले. पन्हळ बघायला आले त्या दिवशी त्यांचे हात सारखे कापत होते. मी पंपाकडे वळायच्या आतच त्यांनी सवयीने दांडीवर बोटं टेकवली.

"मॅडम, दांडी हलते का माझा हात, समजून नाही राहिलं."

"दांडीच हलतेय, काका."

ते थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. "पंप बंद आहे, मॅडम."

"चुकले," मी म्हटलं.

"चुकू द्या," ते हसून म्हणाले. "आता खोडू नका."