रुमालाखालचा जबाब

मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, तो वजनकाटा आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. परवा एक तरुण अभ्यासक छापील प्रश्न घेऊन घरी आले होते. बाजाराचे कायदे, त्यातले गुन्हे आणि लोकांचा पोलिसांवरचा विश्वास, असा त्यांचा विषय. त्यांनी विचारलं, "लोक पोलिसांना खरं का सांगत नाहीत?" मी म्हणालो, सांगतात. सांगितल्यावर आम्ही त्यांचं काय करतो, ते विचारा.

हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. अंबड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी नवा फौजदार होतो. निजामी गेली तरी लोक मला फौजदाराच्या जुन्या नावानं 'अमीनसाहेब'च म्हणत. नोकरीत येण्याआधी मी पत्रकं लिहिलेली, चावडीवर उभं राहून वाचलेली. अन्याय दिसला की मोठ्यानं बोलायचं, एवढंच मला येत होतं.

तेव्हा मोंढ्यात भाव ठरायचा रुमालाखाली. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत. सगळा पंजा दाबला की पाच, दोन बोटं दाबली की दोन. शेतकरी आपल्याच मालाशेजारी उभा, आणि त्यालाच भाव कळत नसे! नव्या बाजार समितीनं हे बंद केलं, उघडा लिलाव सुरू केला आणि मोंढ्याच्या मधोमध सरकारी शिक्क्याचा काटा टांगला. आडत्याच्या काट्यावर भरवसा नसेल तर इथं फुकट फेरतोल करून घ्या. काट्यावर परवान्याचा बिल्ला देऊन एक मापाडी नेमला. महिन्याभरात आडत्यांचे चेहरे उतरले.

आणि एका सकाळी काटा गायब. दांडी नाही, पारडी नाही, वजनं नाहीत, नुसती साखळी लोंबत होती.

दुपारच्या आत आमचा जमादार खबर घेऊन आला. "साहेब, पक्की खबर आहे. सात नंबरच्या आडत्यानं सोता येऊन सांगितलं. मापाड्यानंच काटा पळवला."

आम्ही मापाड्याच्या घरी झडतीला गेलो. पंच यायचे होते, तोवर जमादार "बघतो जरा" म्हणून एकटाच आत शिरला. मी बाहेर बाजेवर बसून राहिलो. कायदा मला पाठ होता, तरी बसून राहिलो! पंच आले आणि रांजणामागून शिक्क्याचं एक वजन निघालं. मापाड्याला कोठडीत टाकलं.

संध्याकाळी त्याची बायको ठाण्यात आली. जमादारानं तिला दारातच अडवलं, तर ती तिथूनच ओरडली, "अमीनसाहेब, त्यो काटा आल्यापून माझा नवरा ताठ मानेनं चालायलाय! लोकं बराबर तोल घ्यायलेत म्हणून रोज सांगायचा. त्यो कशाला चोरंल? त्याचा बिल्ला गेला तर मोंढ्यात त्याला उभं तरी करतील का?"

"चल, जल्दी निघ," जमादार म्हणाला. "इथं काय भाषण करायलीस?"

मी मापाड्याला समोर बसवलं. प्रश्न कोणताही असो, त्याचं एकच उत्तर. "मला काही ठावं न्हाई, साहेब." पण प्रत्येक वेळी नजर खिडकीकडे. खिडकीबाहेर ओट्यावर जमादार बिडी ओढत बसला होता.

मग त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि स्वतःचा हात त्याखाली सरकवला. मीही हात घातला.

"काटा कुठं लपवलास?" मी मुद्दाम दरडावून विचारलं.

"ठावं न्हाई, साहेब," तो मोठ्यानं म्हणाला आणि त्याच वेळी माझा सगळा पंजा दाबला. मग दोन बोटं. सात. त्यानंतर त्याची बोटं माझ्या बाहीवर सरकली आणि खाकीचं बटण दाबून मागे गेली.

म्हणजे सात नंबरची आडत. आणि आमच्यातलाच एक माणूस.

जो रुमाल बंद करायला सरकारनं कायदा केला, तोच रुमाल या माणसाला माझ्या ठाण्यात खरं बोलायला लागत होता! मोंढ्यात शेतकऱ्याची जी गत, तीच आमच्या दारात आलेल्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी दोन पंच बरोबर घेऊन मी स्वतः सात नंबरवर गेलो. जमादाराला ठाण्यातच बसवून ठेवलं होतं. सरकीच्या पोत्यांखाली दांडी सापडली, पारडी सापडली. फेरतोलात या आडत्याचा काटा चारदा खोटा ठरला होता, म्हणून हा उद्योग. दरडावल्यावर त्यानं जमादाराचंही नाव घेतलं. वजन रांजणामागं जमादारानंच ठेवलं होतं.

इथवर ठीक होतं. पण माझ्यातला पत्रकवाला जागा झाला. मापाड्याची बदनामी धुऊन काढायची म्हणून मी त्याला कोठडीतून सोडवून मोंढ्यात आणलं आणि ज्वारीच्या थप्पीवर चढून ओरडलो, "हा माणूस चोर नाही! यानंच आम्हाला माल दाखवला! असे चार लोक पुढे आले तर मोंढा साफ होईल!"

शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आडत्यांनी मापाड्याचा चेहरा नीट पाहून घेतला. मापाडी खाली मान घालून पुटपुटला, "साहेब, हे काय केलंत?"

आडत्याचा परवाना काही महिने बंद राहिला, मग चालू झाला. जमादाराची बदली झाली. नुसती बदली! मापाड्याचा बिल्ला शाबूत राहिला, पण काट्याला शेतकरी येईनात, कारण फेरतोल मागणाऱ्याचा माल आडते उचलतच नव्हते. दुसऱ्या कामाला त्याला कोणी हाक मारीना. मी समितीला दोन कडक पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तीर्थपुरीच्या रस्त्यावर तो मला खडी फोडताना दिसला. बायको शेजारी टोपली भरत होती. मी सायकलवरून उतरलो.

"कसं काय चाललंय?"

"चाललंय की." त्यानं हातोडा खाली ठेवला नाही.

"मी तुझं भलं करायला गेलो होतो रे."

"मला ठावं हाय, साहेब. तुमचं मन साफ होतं." मग खडीवर एक घाव घालून म्हणाला, "पण आता बातमी पायजे असली तर दुसऱ्या कुणाला तरी इचारा."

बायकोनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून कोणाचाही जबाब लिहून घेण्याआधी मी एक प्रश्न विचारत आलो. हे सांगितल्यावर उद्या तुझं काय होईल? निवृत्त होईपर्यंत विचारला. जबाबाच्या कागदावर त्याला जागा नव्हती, म्हणून उत्तर समासात लिहीत असे. वरिष्ठ ते समास खोडून परत पाठवत.