चौथा तुकडा

आठ वर्षांनी अब्बांना थोरल्या भावाशी बोलावंसं वाटलं, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. भाऊ कुवेतला. भांडून गेला तो गेलाच, नवा नंबरही घरी दिला नाही. माझ्याकडे त्याचा फक्त ईमेल होता.

आमच्यात मरणाआधी एकमेकांचं कहासुना, म्हणजे बोललं-चुकलं, माफ करायची रीत आहे. तोंडानं म्हणावं लागतं, आणि समोरच्यानंही उलट म्हणायचं. अब्बा व्हिडिओसाठी माझ्या मोबाइलसमोर बसले. पण अब्बाच ते! आधी तक्रारींचा पाढा. न विचारता होडी विकलीस, आईच्या मयतीला आला न्हाईस, माझ्या तोंडावर दार आपटलंस. अकरा मिनिटांतली नऊ त्यातच गेली. मग धाप लागल्यावर म्हणाले, "जा, माफ केलं. मीपन हात उचललावता. तूपन माफ कर."

एवढी फाइल मेलमध्ये जाईना. लिंक करायला जावं, तर ती चढायच्या आत रेंज पळायची. मुरुडला आमच्या आळीत गच्चीवर टाकीला टेकून उभं राहिलं, तरच नेट मिळतं. मग मी अक्कल पाजळली. व्हिडिओचे चार तुकडे केले आणि ओळीनं पाठवत सुटलो. शेवटचा आधी पाठवावा, निदान सोबत दोन शब्द लिहावेत, हे या टाळक्यात आलं नाही. तीन तुकडे जायला सकाळची दुपार झाली.

संध्याकाळी भावाचं उत्तर आलं. "तिन्ही बघितले. आठ वर्षांनीही शिव्याच. पुढचं पाठवू नको."

मी लगेच लिहिलं, अरे बाबा, थांब, चौथ्यात माफी आहे. त्यावर काही आलं नाही. चौथा तुकडा नव्वद टक्क्यांवर जाऊन लटकायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी त्या मोबाइलला आणि स्वतःला नाही नाही ते बोललो.

खाली अब्बांनी विचारलं, "जवाब आला?"

"आला."

"माफ केलं म्हणतो?"

"व्हय." सरळ खोटं बोललो.

"मंग त्याच्या तोंडून ऐकव."

"नेट स्लो हाय, अब्बा."

दोन दिवस त्यांना हेच सांगत राहिलो. दर वेळी ते मान हलवायचे आणि पुन्हा दाराकडे बघत पडायचे. मला त्यांच्या खोलीत जायची भीती वाटू लागली. जुम्म्याच्या दिवशी सकाळी ते गेले. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं.

कबरस्तानातून घरी आलो, गच्चीवर टाकीजवळ ठेवलेला मोबाइल उघडला. चौथा तुकडा गेला होता. कधी गेला, कळलंही नाही. तेवढ्यात परदेशातल्या नंबरवरून फोन वाजला. भाऊ रडत होता. मला बोलूच देईना.

"अब्बांना दे," म्हणाला. "आधी अब्बांना फोन दे."

माझ्या नखांत कबरीची माती तशीच होती.