नावाचा ग्लास

चिकलठाण्याच्या विमानतळावर मला सोडायला सगळे आले, तेव्हा आईनं पिशवीत दोन गोष्टी आठवणीनं घेतल्या होत्या. माझ्यासाठी दहीसाखर आणि भाऊकाकांसाठी त्यांचा स्टीलचा ग्लास. भाऊकाका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. फुलंब्रीहून रोज शहरात कामाला यायचे आणि दुपारी जेवायला आमच्याकडं, हर्सूलला. त्यांना कधीकाळी टीबी झाला होता. औषधं संपली, डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून सांगितलं, तरी आईनं भांडीवाल्याकडून त्यांच्या ग्लासावर नाव टाकून घेतलं. का, तर चुकून आमच्यात मिसळायला नको. काका हसायचे, "वैनीनं नाव टाकलंय माझं. लई मान हाय बाबा या घरात!" लहानपणी मला ते खरंच वाटायचं.

अमेरिकेत आल्यावर कॉलेजनं लसी टोचायला आधी दंड मागितला, मग वह्यापुस्तकं. लहानपणी टोचलेलं निम्मं पुन्हा टोचलं. विमा सक्तीचा, फीसोबतच कापलेला, म्हणून मीही म्हटलं, टोचा बाबांनो. शेवटी टीबीची चाचणी म्हणून हातावर एक बारीक सुई टोचली आणि दोन दिवसांत तिथं ही एवढी गाठ आली! मी नर्सला दंडावरचा बीसीजीचा, टीबीच्या लसीचा वण दाखवला. म्हटलं, आमच्याकडं जन्मल्या-जन्मल्या टोचतात, त्यानंही असं होतं. तिनं मान डोलावली आणि एक्स-रे, रक्ततपासणीला पाठवलं. नीट वागली ती, उगाच कशाला खोटं बोलू?

खोलीवर येऊन रूममेटला सगळं सांगितलं. आपली, मराठी, पुण्याची. तिच्याही दंडावर तोच वण. दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक मग, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर माझं नाव आणि शेजारी बदाम काढलेला. "तुझा स्पेशल मग! क्यूट आहे ना?"

मला तहान लागली होती, पण त्या मगातून पाणी पिववेना. काकांना कसं गेलं असेल इतकी वर्षं?

रिपोर्ट आले, सगळं साफ. विम्यानं सगळा खर्च दिला. रूममेट म्हणाली, "वॉव, मस्त!" तो मग मात्र ओट्यावर तिथंच राहिला. पट्टी निघाली तर तिनं नवी लावली. विम्यानं खर्च भागला, तिच्या मनातलं कोण काढणार?

घरी फोन करून सगळं सांगितलं. आई पहिलं वाक्य बोलली ते असं, "बाई, कुणापाशी बोलू नको हं. उद्या स्थळं बघायचीयत."

मी विचारलं, "आई, काकांचा ग्लास आहे अजून?"

"आहे की. का गं?"

"मोडीत घाल तो."

"असू दे. त्यांची कुठं काय तक्रार आहे?"

"त्यांना कधी विचारलंस का?" मी ओरडलेच. आई मेथी किती महाग झाली ते सांगायला लागली.

इकडं आलेले आणि तिकडं राहिलेले, सगळेच विचारतात, घरची आठवण येते का. येते ना, लई येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार आहे. काका विमानतळावर येतील. घरी पोचल्यावर आई नेहमीसारखी पाणी घेऊन पुढं येईल. वर्षभर तिच्या तोंडाकडं बघायला जीव तुटलाय माझा. पण त्या दिवशी मी आधी तिच्या हातातल्या ग्लासाकडं बघणार आहे, त्याच्यावर माझं नाव टाकलंय का ते.