धैदच्या मळ्यावरचा किसन

किसन डुंबरेची मेथी शारजाच्या रोल्ला बाजारातल्या दुकानांत त्याच्या नावानं विकली जायची. गेली अकरा वर्षं मी धैदच्या मळ्यांवरून भाजी उचलून शारजात पोचवतो, तेव्हा हे काही ऐकीव सांगत नाही. आपल्याकडच्या बायका जुडी हातात घेऊन विचारायच्या, "ये किसनवाला है ना?" मलबारी दुकानदार "हां हां, किसन" म्हणत दुसऱ्याच मळ्याची मेथी खपवायचा.

एकोणीस वर्षं हा माणूस त्या मळ्यावर राहिला. बायको दर्शना गावी, ओतूरजवळ. दोन वर्षांतून एकदा रजा. मुलीच्या लग्नाला गेला तो सतराव्या दिवशी परत येऊन मिरच्यांत उभा. मी म्हणायचो, "तुझं लग्न मळ्याशीच लागलंय." तो नुसता हसायचा. ऑक्टोबरात सकाळी पानांवर दव दिसायला लागलं, खोल्यांतले एसी बंद झाले, की त्याच्या अंगात वारं शिरायचं. वाफे, रोपं, ठिबकच्या नळ्या. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

रजेवर जाण्याची इथे एक रीत आहे. आपल्या जागी आपलाच माणूस बदली म्हणून ठेवायचा, म्हणजे जागा घरातच राहते. मालकाला, म्हणजे अरबाबला, गावाहून थेट फोन करायचा नाही, ते आगाऊपणाचं दिसतं. निरोप काय तो बदलीवाल्याच्या तोंडून. आणि एक कायदा सगळ्यांना पाठ: सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की व्हिसा गेला.

गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला किसन रजेवर गेला आणि बदली म्हणून त्यानं राहुलला ठेवलं. राहुल दर्शनाचा धाकटा भाऊ. दुबईत जबल अलीच्या गोदामात खोकी उचलून कंटाळला होता. त्याला मेथी कशी पेरायची, पाणी कधी तोडायचं, सगळं किसननं हाताला धरून शिकवलं.

मे सरला, जून सरला. किसन गावाहून विचारायचा आणि राहुल सांगायचा, "दाजी, अरबाब म्हणतो उन्हाळा संपू दे, मग तिकीट पाठवतो." मग, "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला." मला मात्र तो म्हणाला, "दाजी आता गावीच राहणार. टोमॅटो लावलेत त्यांनी." मी गाढवासारखा विश्वास ठेवला. एक फोन करायचा होता मला, तेवढाही केला नाही.

फोन आला तो किसनचाच, ऑक्टोबरच्या मध्यावर. "संजयभाऊ, माझा व्हिसा गेला," एवढंच म्हणाला. मी व्हिजिटचा व्हिसा काढून दिला. महिनाअखेरीस विमानतळावर त्याला गाडीत घेतलं आणि तो म्हणाला म्हणून थेट धैदला. वाटेत त्याला एकच आशा होती: अरबाबसमोर उभं राहिलं की तो नवा व्हिसा काढेल. मी राहुलला तासभर शिव्या दिल्या. किसननं एकही दिली नाही.

मळ्याचा मॅनेजर बदरुद्दीन फाटकातच भेटला. त्याचा चेहरा पाहूनच मी ओळखलं.

"किसनभाई, तुम इधर कैसे? राहुल बोला तुम नहीं आएगा. अरबाब दो बार पूछा, तीन बार पूछा. फिर राहुल का पेपर बना दिया. अभी दूसरा जगह नहीं है."

किसन वाफ्यांकडे गेला. राहुल रोपं लावत होता. दाजींना पाहून उठला, मातीच्या हातांनीच पाया पडला. किसननं पाय मागे घेतले.

"माझ्या पोटावर पाय दिलास," किसन म्हणाला. "मागितली असतीस तर अर्धी भाकरी दिली असती."

राहुल रडायच्या बेतात होता. "दाजी, मला नको होती ही जागा. ताईला विचारा."

"तिचं काय काम यात?"

"तुम्ही विचारा तर."

किसननं तिथेच फोन लावला. इकडच्या सवयीनं स्पीकर चालूच होता. दर्शनावहिनींनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मीच सांगितलं राहुलला. सहा महिने काढ म्हटलं, कसेही. शपथ घातली त्याला."

किसन रोपांची पर्वा न करता वाफ्यातच खाली बसला. एवढ्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. मेहुण्यानं फसवलं हे तो गिळून बसला होता, बायकोचं हे मात्र त्याला गिळता येईना.

"मी रोज ओट्यावर बसून फोनची वाट बघत होतो. तू समोर चहा आणून देत होतीस. आणि तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"फसवलंस तू मला, दर्शना."

"हो, फसवलं. वाईट वाटतंय तर वाटू द्या, मलाही वाटलं. पण सहा महिने घरात होतात आणि एक दिवस माझ्याशी नीट बोलला नाहीत. तिकीट कधी येतं, एवढंच."

"तोंडावर सांगायचं होतंस. थांबा म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर थांबला असतात?"

किसनला खोटं बोलता येत नाही. राहुल खाली बघत होता, मीही. पलीकडून वहिनी दोनदा "हॅलो" म्हणाल्या, आणि मग त्यांनीच फोन ठेवला.