ईस्टरची रिक्षा

माझा बा माथेरानात माणसांनी ओढायची रिक्षा ओढायचा. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. सीझनभर आम्ही बाजारामागच्या झोपडीत राहायचो आणि पाऊस लागला की खाली नेरळजवळच्या गावात, आमच्या गळक्या घरात. गळकं म्हणजे किती, तर स्वयंपाकाला चुलीवर छत्री धरावी लागे! म्हणून त्या वर्षी शेठ जे बोलला ते ऐकून आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेठ मुंबईचा, बंगल्याचा मालक. माझ्या बाला म्हणाला, "उद्या पहाटे आम्हाला पॅनोरमा पॉइंटवर ने, सूर्योदय बघायचाय. आणि पावसाळाभर माझा बंगला राख. मागची पक्की खोली तुला." आईला दिवस गेलेले, बाळंतपण श्रावणात. तिला आणखी काय हवं होतं?

आणि बा म्हणाला, "उद्या नाय जमायचं, शेठ. उद्या ईस्टर हाय."

ईस्टरच्या पहाटे आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना त्याच पॉइंटवर व्हायची. त्या दिवशी बा भाडं घ्यायचा नाही. रिक्षात बसवायचा बायबलबाईंना. गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी ही म्हातारी आता पायांनी अधू झालेली. बाला अक्षरओळख तिनंच करून दिली, येशूही तिनंच सांगितला.

"अवो, बाईंना दुसऱ्या कुणी नेलं तर देव काय रागावणार हाय?" आई कडाडली. "पोराच्या डोक्यावर पाणी गळंल, तवा म्हणा ईस्टर ईस्टर!"

बा हळूच म्हणाला, "ईस्टरला रिक्षा त्याचीच, असा येशूला शब्द दिलाय गं. खोलीसाठी कसा मोडू?"

पहाटे बघतो तर बाचे दोन्ही जोडीदार गायब. रिक्षाला एक पुढं आणि दोघं मागं लागतात. ते दोघं शेठकडं गेले होते. खोलीही पुढं त्यातल्याच एकाला मिळाली. बानं बाईंना उचलून बसवलं, दांडी धरली आणि एकटाच ओढू लागला. पहिल्याच चढाला रिक्षा मागं यायला लागली. बाई म्हणाल्या, "उतरव रे लेकरा, मी इथूनच प्रार्थना करते." पण हा ऐकेल तर शपथ!

आई झोपडीच्या दारात उभी. तोंडाचा पट्टा चालूच. "मेला हट्ट तो!" म्हणाली, पदर खोचला आणि तसल्या अवघडलेल्या अंगानं मागून रिक्षाला हात लावला. वर मलाच ओरडली, "बघत्येस काय गं? लाव जोर!"

वाटभर ती बडबडत होती आणि ढकलत होती. पॉइंटवर शेठ शाल गुंडाळून आधीच उभा. मग डोंगरामागून सूर्य वर आला. अगं बाई, काय तो उजेड! खालची शेतं एकेक करून दिसायला लागली. बाई रिक्षातच ताठ बसल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सगळ्यांनी मिळून द्यायचं हे उत्तर सगळ्यांच्या आधी दिलं माझ्या आईनं. घामानं चिंब, लाल मातीनं माखलेली. सूर्याकडे बघावं की तिच्याकडे, मला कळेना.

भाऊ गळक्या घरातच जन्मला. त्याच पावसात बायबलबाई गेल्या.

पुढच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी शेठचा माणूस आला. "म्हातारी तर गेली ना? मग उद्या रिक्षा रिकामीच."

बा तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "रिकामी कशानं? बसणारा हाय आमच्याकडं."

पहाटे तिनं बाईंच्या जागेवर मला बसवलं, भावाला माझ्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि मागं जाऊन उभी राहिली.