गराजमागचे वाफे

बाबा गेले त्या वर्षी मी आईला हट्टानं अकोल्याहून कॅनडात, बर्नबीला घेऊन आले, तेही नोव्हेंबरात. त्याहून मूर्ख महिना शोधूनही सापडला नसता. व्हँकुव्हरकडचा हिवाळा म्हणजे बर्फ कमी आणि पाऊस फार. आई खिडकीशी बसून म्हणायची, "काय गं हा तुमचा देश, मेला रडका!" मार्चमध्ये तिचं परतीचं तिकीट होतं. अकोल्याच्या रिकाम्या घरात ती एकटी कशी राहणार? पण राहा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "इथे मला काम काय?"

शेवटी एके दिवशी लेकीच्या वहीतला चौकटींचा कागद मी तिच्यापुढे टाकला. "उन्हाळ्यात बॅकयार्डात भाजी लावायचीय. तूच आखून दे."

झालं! बाई कामाला लागली. मेथी, कोथिंबीर, वांगी, वालाचा मांडव. माझे गमबूट चढवून, छत्री धरून पावलांनी जागा मोजून आली. सगळे वाफे तिनं गराजमागे, उंच फेन्सला लागून आखले. "दुपारच्या उन्हात कोवळी रोपं होरपळतात," ती म्हणाली. मीही अकोल्याचीच, लगेच मान डोलावली. रोज खाडाखोड चालायची आणि वर मला ताकीद, "मी गेल्यावर मांडव नीट घाल हो."

फेब्रुवारीत एका दुपारी अचानक लख्ख ऊन पडलं. चहाचे कप घेऊन आम्ही दोघी बाहेर धावलो. सगळं बॅकयार्ड उजळलेलं, आणि वाफ्यांची जागा तेवढी गराजच्या काळोख्या सावलीत! इथला सूर्य दक्षिणेकडून खालून-खालून जातो. सहा वर्षं इथे राहून, इंजिनिअर म्हणवून घेऊन, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जन्मभर उन्हापासून रोपं वाचवलेल्या आम्ही दोघी, इथेही तेच करून बसलो होतो.

आई कप तसाच घेऊन आत गेली. संपलं, आता ही पुन्हा खिडकीशी बसणार, असं वाटून मला रडूच आलं.

ती खोडरबर घेऊन परत आली. पायरीवर बसून, कागदाला भोक पडेपर्यंत तिनं सगळे वाफे पुसले. मग उन्हाकडे बोट दाखवून म्हणाली, "इकडे घेऊ. आणि जावईबापूंना सांग, तिकीट पुढे ढकला. तुझ्या भरवशावर वाल सोडायची सोय नाही."

"किती पुढे?"

"वालाला शेंगा धरेपर्यंत."

"कधी धरतील गं?"

"या असल्या उन्हात?" तिनं पेन्सिल कानामागे खोचली. "दसरा तरी उजाडेल."